राजा पाण्यात उतरला

सगळे आलात का पांघरुणात? मग ऐका. एका तळ्याकाठी एक नगर होतं. तिथला राजा धीरसेन, वय पन्नास. त्याची लेक केतकी, सहा वर्षांची.

नगरातले लोक चुलीतली राख रोज तळ्यात टाकायचे. तळ्यात राहायची आसरा, म्हणजे पाण्यातली देवता बरं का. एक दिवस ती चिडली. तिनं फुंकर मारली, आणि घरोघरचा विस्तव विझला. गारगोट्या घासून हात सोलले, पण ठिणगी पडेना. आसरा म्हणाली, "विस्तव माझ्या बेटावर आहे. पोहत या, घेऊन जा. होडी आणलीत तर बुडवीन."

पोहता येई फक्त भिमाई कोळणीला. पण ती ऐंशीची, खांदे गेलेले. ती म्हणाली, "मी शिकवते. उतरा."

आधी सेनापती उतरला. दोन गटांगळ्या खाल्ल्या नि बाहेर आला. "हे काही माझं शिकायचं वय नाही," म्हणाला.

मग केतकी उतरली. तरंगायला कमरेला वाळका भोपळा बांधला, नाकातोंडात पाणी गेलं, ती खदखदा हसली. चौथ्या दिवशी भोपळा सुटला. मासोळीच झाली पोर! निघाली बेटाकडे. वाटेत एक बदक दिसलं, त्याच्या मागे गेली. मग इवले हात दमले. रडत माघारी आली.

मग राजा उतरला. महिना झाला तरी भोपळा सुटेना. पाय कसा, हात कधी, श्वास कुठे, सारखं विचारायचा. इकडे लोक भिजवलेले हरभरे खाऊन दिवस काढत होते. म्हातारी माणसं थंडीनं आजारी पडली.

"भिमाई, मला का जमत नाही?"

"महाराज, लेकरू बुडतं, हसतं, पुन्हा उतरतं. तुम्ही बुडता, आणि कोण बघतंय ते बघता."

दुसऱ्या दिवशी राजानं दवंडी पिटवली. सगळं नगर काठावर बोलावलं. "बघा मला बुडताना," म्हणाला, आणि भोपळा सोडून उडी मारली. बुडाला. लोक हसले. तोही हसला. पुन्हा उतरला. असं रोज, बरं का, एक दिवस चुकला नाही. दमला की पाण्यावर उताणं कसं पडायचं, ते केतकीनं त्याला शिकवलं.

तिसऱ्या महिन्यात तो बेटाकडे निघाला. वाटेत बदकं दिसली, तो वळला नाही. हात दमले, तेव्हा लेकीनं शिकवलं होतं तसा उताणा पडून राहिला. दम खाल्ला. पुन्हा निघाला.

बेटावर आसरा म्हणाली, "राजा, तू? मला वाटलं, कुणा पोराला धाडशील."

"पोरगी माझ्या आधी शिकली," राजा म्हणाला. "मला वेळ लागला. राख टाकली ती चूक आमची. आता टाकणार नाही."

आसरेनं मडक्यात निखारे भरले, मडकं त्याच्या डोक्यावर बांधलं. तो संथ, संथ पोहत आला. केतकी अर्ध्या वाटेवर सामोरी गेली, "बाबा, थोडंच राहिलं!" म्हणत शेजारून पोहत राहिली.

घरोघर चूल पेटली. गरम भाकरी खाऊन सगळे सुखानं झोपले. झोपा आता तुम्हीपण.