कांचनशोध मंडळीचा लाभांश

"डोंगरात सोनं आहे, पण यंदा लाभांश मिळणार नाही!" कांचनशोध मंडळीचे मुख्य संचालक नारोपंत यांनी वार्षिक सभेत ठणकावून सांगितलं आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या कसल्या! हेच वाक्य लोक दरवर्षी ऐकत होते. बदलायचा तो फक्त पंतांचा शेला.

वाघदरी संस्थानात ही मंडळी, म्हणजे कंपनी, निघाली तेव्हा पंतांनी गावोगाव फिरून तिचे भाग विकले होते. "सोनं म्हणजे काय, हातात आल्यातच जमा!" मग लोकांच्या पैशानं डोंगरात खड्डे पडू लागले. त्यातून सोनं सोडून सगळं निघालं. मुरूम निघाला, दगड निघाले, एकदा तर चिडलेलं साळिंदरही निघालं. तरी पंत दर सभेला मखमलीवर ठेवलेला एक चकाकता दगड फिरवायचे आणि म्हणायचे, "लक्षणं उत्तम आहेत!" शेवटी नारळ फुटायचा, महाराज स्वहस्ते पंतांसकट तिन्ही संचालकांना मानधनाच्या थैल्या द्यायचे, आणि भागधारकांच्या हातावर यायचा खोबऱ्याचा तुकडा. तोही करवंटीकडचा!

यंदा सभेला सासऱ्यांच्या जागी म्हाळसा तेलीण आली होती. सासऱ्यांनी घाण्याचा बैल विकून भाग घेतले होते आणि आता बैलाच्या जागी तिचा नवरा घाणा ओढत होता. धडधाकट माणूस, पार वाकून गेला होता बिचारा! घरात बैल आला नाही तर नवरा हातचा जाईल, या काळजीनं तिचा जीव तीळतीळ तुटत होता. ती ताडकन उभी राहिली.

"महाराज, पैसा आमचा, थैल्या पंतांना, आणि आम्हाला खोबरं? हा कुठला न्याय?"

सर्जेराव महाराज म्हणजे हट्टाचा पुतळा. डोंगरात सोनं आहे असं एकदा त्यांच्या मनानं घेतलं होतं. आता खुद्द डोंगरानं येऊन नाही म्हटलं असतं, तरी ऐकलं नसतं.

"फार शहाणी लागून गेलीस!" ते कडाडले. "मग तूच दे लाभांश! सोनं न काढता, माझ्या खजिन्यातली दमडी न घेता, एकही नवा भाग न विकता! दिवस मावळायच्या आत सगळ्यांच्या हातात पैसा पडला पाहिजे. नाही जमलं तर तुझा घाणा जप्त!"

"घाणा कशाला, महाराज?" पंत खुदखुदले. "बरं, असू द्या. सरपण तरी होईल!"

बैल तर गेलाच होता, आता घाणाही गेला तर घरातली चूल विझणार. म्हाळसानं इकडेतिकडे पाहिलं. महाराजांच्या शेजारी तबक होतं, तबकात थैल्या होत्या, आणि पंतांचा एक डोळा सारखा तिकडेच होता. म्हाळसानं पदर खोचला.

"कबूल, महाराज! फक्त पंतांना दोन गोष्टी विचारते. ते सांगतील ते खरं धरायचं."

"अलबत! पंतांचा शब्द तो माझा शब्द!"

"पंत, डोंगरात सोनं नक्की आहे ना?"

"छातीठोक सांगतो, आहे! वाहायला हत्ती लागतील!"

"आणि निघणार कधी?"

"पुढच्या वर्षी! या दगडाची शपथ!"

"मग मिटलंच की!" म्हाळसानं टाळी वाजवली. "महाराज, मोठ्या माणसांना मोठा वाटा शोभतो. पुढच्या वर्षीचं सगळं सोनं आम्ही भागधारक या तिन्ही संचालकांना देऊन टाकतो. त्यांनी बदल्यात आम्हाला फक्त तबकातल्या थैल्या द्याव्यात. काय मंडळी, कबूल?"

"कबूल! कबूल!" सभा गरजली.

पंतांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "नाही, म्हणजे... सोनं आहेच हो! पण जमिनीच्या पोटातलं कुणी पाहिलंय?"

"पंत, हो म्हणू नका!" मागून दुसरे संचालक कळवळून ओरडले. "आपण साफ बुडू!"

सभेत हशा पिकला. म्हाळसा शांतपणे म्हणाली, "सोनं असेल तर सौदा तुमच्याच फायद्याचा, पंत. थैल्या आम्हाला द्या. आणि सोनं नसेल तर इतकी वर्षं मानधन घेतलंत ते कशाचं? तरीही थैल्या आम्हालाच द्या!"

महाराजांनी पंतांकडे पाहिलं, थैल्यांकडे पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरल्या. आता कुणाचं तरी डोकं उडणार, असं वाटून पुढच्या रांगेतले मागे सरकले. आणि महाराज जे हसत सुटले, ते लोडावर आडवेच झाले!

"पंतांचा शब्द तो माझा शब्द, असं मीच बोलून बसलो की रे! वाटा त्या थैल्या!"

ऊन असतानाच थैल्या सुटल्या आणि ज्याच्या त्याच्या भागाप्रमाणे वाटल्या गेल्या. म्हाळसाला तिचा वाटा मिळालाच, शिवाय महाराजांनी आपल्या गोठ्यातली खिलारी बैलजोडी बक्षीस म्हणून तिच्या दारात बांधायचा हुकूम सोडला. तिला एकदम रडूच कोसळलं.

एवढ्यात पंत चाचरत पुढे आले. "महाराज, सगळ्यांचं झालं. मग आमच्या वाट्याला काय?"

"तुमच्या वाट्याला?" महाराजांनी डोळे पुसले. "अहो, अख्ख्या डोंगराचं सोनं तुमचं! कोण आहे रे तिकडे? पंतांना एक कुदळ द्या!"