उपाशी गोधडी

डोंगराच्या पायथ्याशी मोरधार नावाचे एक गाव आहे. तेथील मारुतीच्या देवळाच्या ओवरीत सदोबा महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. भाविकहो, महाराजांचा संसार म्हणजे एक घोंगडी आणि एक तांब्या. त्यातली घोंगडीसुद्धा फार दिवस टिकत नसे. कोणी कुडकुडताना दिसले की महाराज ती त्याच्या अंगावर टाकून मोकळे होत, आणि गावकरी बिचारे पुन्हा दुसरी आणून देत.

त्या वर्षी पौषात असा गारठा पडला की रांजणातल्या पाण्यात हात घालवेना. अवेळी पाऊस होऊन गेलेला. गोवऱ्या, सरपण सारे ओले. चुली नुसत्या धुमसत. ज्यांच्या भिंती जाड आणि लाकूडफाटा कोरडा, त्यांचे ठीक होते. ठकूबाईचे घर मात्र गावाच्या टोकाला, कुडाचे. नवऱ्यामागे ती गोधड्या शिवून पोट भरत असे. निम्मे गाव तिच्या हातच्या गोधड्यांत उबेला झोपे, आणि तिच्या घरात फटीफटींतून वारा! तिची लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. बारसे झाले तरी नातू मुठीएवढाच. अंगात ऊब कशी ती धरेना. ठकूबाईने आपले ठेवणीतले एकुलते एक लुगडे फाडले आणि त्याची गोधडी शिवायला घेतली.

मोरधारच्या बायकांची एक रीत आहे. गोधडी पुरी होत आली की मधोमध शेवटचे ठिगळ लावताना त्याखाली भाकरीचा घास ठेवायचा. गोधडीला उपाशी ठेवायचे नाही. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याचीच ऊब खाते, अशी त्यांची समजूत. ठकूबाईने ही रीत कधी मोडली नव्हती. परक्याच्या गोधडीतही ती पदरची भाकरी घालत असे.

त्या दिवशी दिवेलागणीला ते शेवटचे ठिगळ तेवढे राहिले होते. घरात चतकोर भाकरी होती, एका कडेला करपलेली. ज्वारी सकाळी सुभद्रेच्या सासरहून यायची होती. बाळ बघायला म्हणून चिमणाबाई पाटलीण येऊन बसली होती, अंगावर मखमली अस्तराची शाल. पाटलीण मनाची वाईट नव्हती, पण भरल्या घराचा ताठा फार आणि जिभेला हाड नाही. इतक्यात दारात महाराज उभे राहिले. अंगावर घोंगडी नव्हती. म्हणजे आजही कोणाला तरी देऊन आले होते!

“माई, भूक लागली आहे,” महाराज म्हणाले.

ठकूबाईने एकदा गोधडीकडे पाहिले, एकदा चतकोराकडे. मग उठून तिने तो चतकोर महाराजांच्या हातावर ठेवला. महाराजांनी तिथेच उंबऱ्याशी बसून तो खाल्ला, करपलेल्या कडेसकट.

पाटलीण खदाखदा हसली. “अगं ठके, गोधडीचा घास बैराग्याच्या पोटात घातलास की! आता काय लेकराला उपाशी गोधडी पांघरणार व्हय?”

ठकूबाईचा चेहरा उतरला. “पाटलीणबाई, तुमच्या घरून घासभर भाकरी द्या. नखाएवढी चालंल.”

“तिन्हीसांजेला घरातलं अन्न बाहेर देऊ? लक्ष्मी जाईल माझी! मागायचं तर तुझ्या महाराजांकडं माग. खाल्लंय त्यांनी.” पाटलीण शाल सावरून चालती झाली.

महाराज हात झटकून उठले. “माई, टाका घाल,” ते म्हणाले, “घास पोचला.” आणि गेले.

ठकूबाईने ठिगळ लावले. अंधार पडला तसा वारा सुटला. चूल धूर करी, जाळ काही धरेना. बाळाने दूध सोडले, ओठ काळेनिळे झाले, रडणेही थांबले. ठकूबाईने गोधडी उचलली तसा सुभद्रेने तिचा हात धरला.

“आई, ती नगं गं! उपाशी हाय ती!”

काय करावे त्या बाईने? पांघरावी तर रीत मोडते, न पांघरावी तर लेकरू गारठते. तिने लेकीच्या मुठीतून हात सोडवून घेतला. मग म्हणाली, “महाराज घास पोचला म्हणालं. मी त्यांचं ऐकणार.” आणि तिने नातवाला गोधडीत गुंडाळले.

थोड्याच वेळात घरात ताज्या भाकरीचा वास दरवळला. चूल तर विझलेली! ठकूबाईने गोधडीवर हात फिरवला. मधले ठिगळ उबदार लागत होते. बाळाचे तळवे हळूहळू गरम झाले, आणि लबाड पुन्हा दुधाला चुळबुळू लागला. धन्य ते महाराज, आणि धन्य ती माउली!

तिकडे पाटलिणीचा मऊ बिछान्यात डोळा लागला नव्हता. आपले शब्द तिलाच बोचत होते. उजाडताच ती धावत आली, आणि बघते तो बाळाच्या कपाळावर घाम! जीव भांड्यात पडला, आणि लगेच ताठा परत आला.

“खोटं बोललीस ठके. घास घातलासच तू कुठनं तरी.” असे म्हणत तिने ठिगळाचे टाके नखांनी उसवले. आत चतकोर भाकरी होती, वाफ निघत असलेली. एक कड करपलेली.

पाटलिणीने ती कड ओळखली. हाच चतकोर काल तिच्या डोळ्यांदेखत महाराजांनी खाल्ला होता. ती अनवाणी देवळाकडे पळाली. महाराज उघड्या फरशीवर बसले होते.

“महाराज, चुकले मी! घासभर मागितला तिनं, मी दिला नाही.”

“मग आता दे,” महाराज म्हणाले.

“पण आत तर तुमचा घास हाय.”

महाराज हसले. “दोन घासांनी कुणाचं पोट बिघडत नाही, बाई. आणि उसवलंस ते तूच शिव.”

पाटलिणीने घरून गरम भाकरी आणली. अंगावरची शाल काढून सुभद्रेला पांघरली, आणि ठकूबाईशेजारी जमिनीवर मांडी घातली. चतकोराजवळ आपला घास ठेवून तिने ठिगळ शिवायला घेतले. कधी सुई न धरलेली ती; टाके वाकडेतिकडे पडले, बोटांना सुई टोचली. ठकूबाईने काही सुधारले नाही.

शेवटची गाठ मारून झाली. दोरा दातांनी तोडायला पाटलीण खाली वाकली. दोरा तुटला, तरी ती वाकलेलीच राहिली. कपाळ गोधडीवर टेकले होते, आणि गोधडी अजून गरम होती.