साळिंदराचे काटे आणि पाडसांचे कान

डोंगराच्या कुशीतल्या एका दाट जंगलात एक साळिंदर राहत असे. मुलांनो, शब्दांना त्याच्याकडे तोटा नव्हता. गोष्ट सांगताना ते डोळे मिटून घेई, आणि एखादे वाक्य स्वतःलाच फार आवडले, की त्याच्या पाठीवरचे काटे आनंदाने खुळखुळत. सगळे जंगल त्याला मोठा कथेकरी म्हणे आणि त्यालाही ते पटलेले होते.

एके दिवशी एक हरिणी त्याच्याकडे आली. ओढ्यापलीकडे खारट मातीची एक जागा होती. ती माती चाटायला हरणांना फार आवडते, हे शिकाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून ते तिथे बांबू वाकवून त्याला फास लावून ठेवत. त्याच फासात या हरिणीचे पाडस सापडले होते. हरिणी म्हणाली, "यंदाच्या पाडसांना तिकडची ओढ लागली आहे. जाऊ नका म्हटलं, की त्यांना जास्तच जावंसं वाटतं. माझ्या बाळाची हकीकत सांगायला जाते, तर ती मला पुरी करवत नाही. तू सांग. तुझं सगळे ऐकतात."

साळिंदराने हे काम अगदी मनावर घेतले. संध्याकाळी पाडसे जमली आणि गोष्ट सुरू झाली, ती डोंगर कसा जन्माला आला इथपासून. मग गोष्टीत पहाट झाली. "पूर्वेच्या भाळी केशराचा टिळा लागला, गवताच्या पात्यांवर दवाचे मोती विसावले," असे म्हणताना तर त्याचे काटे खळखळून वाजले. गोष्ट संपवून त्याने डोळे उघडले. समोर एकही पाडस नव्हते. एकटी हरिणी उभी होती.

"कुठे गेली सगळी?" साळिंदराने विचारले.

"केशराचा टिळा लागला तेव्हाच उठली," हरिणी म्हणाली. "दोघं तर त्या खारट मातीकडेच निघाली होती. मी वळवून आणली."

साळिंदर खजील झाले. दुसरा कोणी असता, तर पाडसांनाच अक्कल नाही असे म्हणून मोकळा झाला असता. आपले साळिंदर तसे नव्हते, आणि म्हणूनच मला ते फार आवडते. ते म्हणाले, "मावशी, कुठे चुकलो ते सांग. एखाद्या पाडसाचा जीव जाण्यापेक्षा माझी लाज गेलेली बरी."

"मला कुठे गोष्टी सांगता येतात?" हरिणी म्हणाली. "पण आम्हा हरणांचे कान खोटं बोलत नाहीत. मन लागलं की ते टवकारतात, कंटाळा आला की पडतात. तू फक्त डोळे उघडे ठेवून सांग."

दुसऱ्या दिवशी हरिणीने पाडसांना दटावून पुन्हा आणून बसवले. साळिंदर डोळे उघडे ठेवून सांगू लागले. डोंगर जन्माला येताच निम्मे कान पडले. केशराच्या टिळ्यापाशी पाठीवरचे काटे वाजू लागले आणि नेमके तेव्हाच उरलेसुरले कानही पडले. ते वाक्य जुळवण्यात त्याचे कितीतरी दिवस गेले होते. ते काढायचे अगदी जिवावर आले, पण त्याने काढले. मग रोज जिथे कान पडत, तिथले शब्द ते गाळत गेले. गाळता गाळता गोष्टीत एक पाडस आणि एक फास एवढेच उरले. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले, की त्या दिवशी खरे काय घडले ते आपण विचारलेलेच नाही.

ते हरिणीकडे गेले. "मावशी, त्या दिवशी तू काय पाहिलंस?"

हरिणीने ओढ्याकडे पाहिले. मग थांबत थांबत म्हणाली, "एक कोवळा बांबू वाकलेला होता. त्याचा शेंडा जमिनीला टेकला होता. वारा नव्हता, तरी तो थरथरत होता. मी हाक मारली. माझं बाळ म्हणालं, 'आलोच.' आणि पुन्हा माती चाटायला वाकलं. तेवढ्यात बांबू सपकन सरळ झाला."

त्या संध्याकाळी साळिंदराने तेवढेच सांगितले. वाकलेला बांबू, आईची हाक, 'आलोच', आणि मग सपकन सरळ झालेला बांबू. जाऊ नका असे ते एकदाही म्हणाले नाही. सगळे कान शेवटपर्यंत उभे होते. गोष्ट संपली तरी कोणी उठले नाही.

पुढे एकदा एक खोडकर पाडस सगळ्यांची नजर चुकवून खारट मातीकडे गेलेच. थोड्या वेळाने ते धापा टाकत परत आले आणि थेट साळिंदरापाशी येऊन उभे राहिले.

"तिथे बांबू वाकलेला होता," ते म्हणाले. "वारा नव्हता, तरी हलत होता. तेवढ्यात आईची हाक आली. मी 'आलोच' म्हणणार होतो, तर तुझ्या गोष्टीतलं पाडस मला दिसलं. मग मी पळत सुटलो."

हरिणी तिथेच चरत होती. तिने मान वर केली. "कसं होतं रे ते दिसायला?"

"माझ्याएवढंच होतं," पाडस म्हणाले.

हरिणी जवळ आली आणि त्याचे कपाळ चाटू लागली. साळिंदराच्या मनात एक फार सुंदर वाक्य आले होते. त्याने हरिणीच्या कानांकडे पाहिले. ते पाडसाकडे वळून ताठ उभे होते. साळिंदराने काटे घट्ट मिटून घेतले आणि ते गप्प राहिले.

तात्पर्य : गोष्ट सांगणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. आपले लाडके वाक्यही जो ऐकणाऱ्यासाठी गाळतो आणि घडलेले जसेच्या तसे समोर उभे करतो, त्याची गोष्ट ऐन वेळी आठवते.