नुकुलेवाची पाठमोरी बाई

नुकुलेवा बेटाला बंदर नाही. महिन्यातून दोनदा येणारी बोट प्रवाळाच्या कडेबाहेर उभी राहते आणि माणसे, तांदळाची पोती, रॉकेलचे डबे लहान होड्यांतून आत आणावे लागतात. किनाऱ्यावर उतरले की पहिल्यांदा दिसते ती पंचांची बैठक. झावळ्यांनी शाकारलेले, भिंती नसलेले लांबट घर. त्याच्या समुद्राकडच्या बाजूला, वळचणीच्या बाहेर, एक सपाट शिळा आहे. पंच आत बसले की गावातली एक वयस्क बाई त्या शिळेवर येऊन बसते. पंचांकडे पाठ, समुद्राकडे तोंड. ती उठून 'झाले' म्हणेपर्यंत आतला कोणताही ठराव पक्का होत नाही.

नवखा माणूस हे पाहून विचारतोच. मग किरिफी आजोबा त्याला नीरफणसाच्या सावलीत बसवतात. बोटीवरच्या पाहुण्यांना बेट दाखवण्याचे काम त्यांच्याकडे आहे. "मी सांगतो ते माझ्या आजीचं आहे," ते म्हणतात. "तिनं जेवढं सांगितलं तेवढंच."

नुकुलेवा म्हणजे समुद्रात पडलेली बांगडी. जागोजागी तुटलेली, मध्ये शांत निळे पाणी. जमीन इतकी सखल की होडीतून पाहिले तर आधी माड दिसतात आणि मग त्यांच्याखाली काही आहे हे कळते. नदी नाही, माती नाही. पावसाचे पाणी वाळूखाली मुरते, तिथवर खड्डे खणून त्यांत अळू लावायचे. माडाचे खोबरे, समुद्राचा मासा. एवढ्यावर लोक पिढ्यान् पिढ्या जगले. राजा कधीच नव्हता. प्रत्येक घरातला एक कर्ता पुरुष पंच होई आणि पंच आपल्यातल्या एकाला मुख्य निवडत. दिवसभराचा मासा एका जागी आणून घरटी वाटायचा, हेच त्याचे मोठे काम.

तोआफा नावाचा मुख्य होता तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. तोआफा न्यायी होता. त्याने वाटलेल्या माशाबद्दल कुणी कधी कुरकुर केली नाही. त्याला लांगी नावाची थोरली बहीण होती. त्या बेटांवर बहिणीचा मान फार. वयात आलेले बहीणभाऊ एका छपराखाली बसत नसत आणि बहिणीला ओलांडून भाऊ कधी पुढे जात नसे.

तोआफाच्या काळात एकदा पाऊस पळाला. खड्ड्यांतले पाणी खारट झाले, अळूची पाने पिवळी पडली, नारळ मुठीएवढे धरू लागले. अशातच एका सकाळी कोळ्यांनी येऊन सांगितले की प्रवाळाच्या कडेबाहेर एक परकी होडी आली आहे. तोल सांभाळणारे बाजूचे लाकूड, उलांडी, मोडलेली, आत बरीच माणसे.

पंच बसले. जोराचा वारा होता, वाळू आत येत होती, म्हणून समुद्राकडच्या बाजूला पडद्यासारख्या टांगलेल्या चटया खाली सोडलेल्या होत्या. बोलणे फार लांबले नाही. आपल्यालाच पुरत नाही तिथे आणखी तोंडे कुठून भरायची? होडीला थोडे नारळ द्यावेत आणि तिला पुन्हा खोल पाण्यात लोटून द्यावे, असे ठरले. कुणीही आनंदाने बोलले नाही. पण कुणी विरोधही केला नाही.

भाले आणि वल्ही घेऊन ते बाहेर पडले तेव्हा वाटेत लांगी बसलेली होती. ती शिंपल्या वेचायला खडपावर, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या प्रवाळावर, गेली होती आणि तिने होडी जवळून पाहिली होती. आता ती बैठकीच्या घराकडे पाठ करून शिळेवर बसली होती. पाण्याकडे जाणारी वाट तिच्या अंगावरून जात होती. सगळे थबकले.

"अक्का," तोआफा म्हणाला, "ठरलंय आमचं."

"ठरलं असेल," लांगी मागे न वळता म्हणाली. "मी काही म्हणत नाही. तुम्ही आत बसून जे ठरवलंत ते इथून कसं दिसतं, तेवढं बघते आहे."

"कसं दिसतं?"

"एक म्हातारा करवंटीनं पाणी उपसतोय. मघाशी थांबला होता, आता परत उपसतोय. एका बाईच्या मांडीवर पोर आहे. त्यानं मान टाकली आहे आणि ती त्याला समुद्राचं पाणी लावून जागं करते आहे. बाकीचे आपल्या माडांकडे बघताहेत."

तोआफा म्हणाला, "घरात किती आहे ते तुला ठाऊक आहे. कुणाच्या तोंडचं काढू?"

"माझ्या."

बहिणीचा वाटा भावाने काढायचा, हे त्या बेटावर कुणी ऐकले नव्हते. तोआफाने हातातला भाला वाळूत रोवला. "माझ्या घरातलं काढा," तो म्हणाला आणि होडी आत घ्यायला स्वतः पाण्यात उतरला. बहिणीला ओलांडून नव्हे, बैठकीच्या घराला वळसा घालून.

ती माणसे वाचली. मांडीवरचे पोरही वाचले. पण पाऊस काही आला नाही. भुकेपाठोपाठ ताप आला आणि तापात तोआफाची धाकटी मुलगी तिआले गेली. बोलकी पोर होती, सगळ्या गावाची लाडकी. आपल्या घरातला घास बापाने परक्यांना दिला नसता तर ती जगली असती, असे लोक बोलू लागले. खरे काय ते कुणालाच सांगता आले नसते. पण बोलणे थांबेना.

हे लांगीच्या कानावर आले. तिने किनाऱ्यावर जाणे सोडले. शेवटी एका दुपारी ती भावाच्या घरात शिरली आणि त्याच्या समोर चटईवर बसली. लहानपणानंतर प्रथमच दोघे एका छपराखाली होते. बायका घाबरून बाहेर गेल्या.

"तोआफा, मी त्या दिवशी तिथे बसले नसते तर?"



"तर तिआले असती कदाचित," तो म्हणाला. "आणि ती माणसं नसती. अक्का, मला त्याचंच भय वाटतं. ती बुडाली असती आणि मला त्यांची तोंडंसुद्धा ठाऊक नसती. आम्ही चटया खाली सोडून बसलो होतो."

"मला तिचा आवाज ऐकू येतो रे," लांगी म्हणाली.

"मलाही येतो."

मग दोघे रडले, म्हणे. किरिफी आजोबांची आजी इथे नेहमी थांबत असे.

काही दिवसांनी पंच पुन्हा बसले. परक्यांची होडी आता दुरुस्त झाली होती. त्यांना निरोप द्यावा, असे सगळ्यांचे मत होते. तोआफा या वेळी आडवा येणार नाही, अशी त्यांची खात्री होती. मूल त्याचेच गेले होते.

तोआफा उठला. समुद्राकडच्या चटया त्याने एकेक करून कापल्या आणि बाहेर टाकल्या. "ठरवायचं ते ठरवा," तो म्हणाला. "पण बघत ठरवा. आणि माझी बहीण बाहेर शिळेवर बसेल. ती उठून झालं म्हणाली तर झालं. नाही उठली तर नाही."

"तुझी पोर गेली, तोआफा," सर्वांत वृद्ध पंच म्हणाला. "तू तरी असं बोलू नकोस."

"ती गेली ते मी पाहिलं. म्हणूनच बोलतो आहे."

लांगी शिळेवर येऊन बसली. आत बोलणे चालू राहिले. समोर वाळूत ती परकी माणसे गावातल्या बायकांबरोबर काथ्या वळत होती आणि ते मान टाकलेले पोर खेकड्यामागे धावत होते. पंचांना बोलताना हे सगळे दिसत होते. ओहोटी संपून भरती लागली, तरी लांगी उठली नाही. बोलणारे हळूहळू कमी झाले. अखेर तो वृद्ध पंच कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "चला, मासे वाटायची वेळ झाली." ठराव न होताच बैठक मोडली. परके मात्र राहिले.

पाऊस कधी आला? काही जण म्हणतात, त्याच रात्री. आजोबांची आजी मात्र म्हणायची की पाऊस बऱ्याच दिवसांनी आला, आणि तो येईपर्यंत आणखी दोन म्हातारी माणसे गेली. त्यांतली एक लांगी. आता होडीतून आलेल्यांचे वंशज कोणते आणि बेटावरचे कोणते, हे कुणाला सांगता येत नाही.

आजही नुकुलेवाच्या बैठकीला समुद्राकडून चटया लावत नाहीत. वादळी वाऱ्यात पंच भिजत बसतात. दूरच्या मोठ्या देशाचा झेंडा आता शाळेपुढे फडकतो. खोबऱ्याला फारसा भाव उरला नाही, आणि परक्या जहाजांना मासेमारीचा परवाना देऊन जे मिळते त्यावर दवाखाना चालतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका परवान्याचा कागद घेऊन एक सरकारी साहेब आले होते. बोट बाहेर उभी होती, त्यांना त्याच दिवशी सही हवी होती. पंच तयार होते. शिळेवर लोसाबाई होत्या. त्या उठल्या नाहीत.

"का उठत नाहीत?" साहेबांनी विचारले.

"ते विचारायची पद्धत नाही," किरिफी आजोबा म्हणाले. "तुम्ही जेवून घ्या."

बोट गेली, साहेब राहिले. रोज सकाळी पंच बसत, साहेबही त्यांच्या शेजारी बसत आणि समोर पाहत. खडपाच्या अगदी कडेला गावाच्या लहान होड्या मासे धरताना दिसत. एके दिवशी साहेबांनीच कागद मागून घेतला आणि जहाजांनी जिच्या अलीकडे यायचे नाही ती रेघ आणखी दूर, खोल पाण्यात सरकवली. पंचांनी वाचून माना डोलावल्या.

लोसाबाईंनी तो कागद पाहिलाही नाही. त्या आणखी थोडा वेळ बसून राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या, लुगड्याला लागलेली वाळू झटकली आणि म्हणाल्या, "झालं."