धाकलू मिस्त्रीची दहा मिनिटं

घाटात अजून डांबर पडलं नव्हतं आणि पिंपळदऱ्यात एकच मोटार होती, त्या काळची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याला, रस्ता जिथे चढाला लागतो तिथे, धाकलू मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. धाकलू ठार बहिरा होता. तरुणपणी दगडाच्या खाणीत सुरुंग लवकर उडाला, तेव्हाच त्याचे दोन्ही कान गेले. पण इंजिनाचं दुखणं त्याच्याइतकं कोणालाच कळत नसे. तो बॉनेटवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि नेमकं काय बिघडलंय ते सांगायचा. असं म्हणतात की घाट उतरणारी गाडी कोणाची, हे त्याच्या तळपायांना ती दिसण्याआधीच कळायचं.

गावातली एकुलती मोटार काळी होती. एका ठेकेदाराने जाताना ती मागे सोडली होती. तिला गावकरी काळीच म्हणत. सोनू ड्रायव्हर ती चालवायचा. काळीला एक खोड लागली होती. पळताना ती ठीक असायची, पण थांबवून रेस सोडली की थरथरायची, उचक्या द्यायची आणि बंद पडायची. सोनूने तीनदा कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले. शेवटी स्क्रू पिळून त्याने रेसच वाढवून ठेवली. गाडी उभी असली तरी बोंबलायची, पण बंद पडत नव्हती. सोनू म्हणाला, "झाली बरी." धाकलूने लांबूनच मान हलवली. ताप आलेल्या माणसाला पळवलं म्हणून ताप उतरत नाही, असं तो म्हणाला. कोणी मनावर घेतलं नाही. आठ दिवसांनी घाटातल्या अरुंद वळणावर, वरून आलेल्या ट्रकला वाट देताना, तापलेलं इंजिन बंद पडलं आणि काळी मागे घरंगळली. एका ऐनाच्या झाडाने तिला अडवलं, म्हणून सोनू वाचला.

त्याच वर्षी कार्तिकात, दुपारच्या वेळी, भिवाच्या बायकोला गवत कापताना फुरसं चावलं. तिचं नाव सुंदरा. लस फक्त घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात होती. सुंदराला काळीत घातलं. शेडपाशी गाडी आली, तोच धाकलू रस्त्यात आडवा उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात बॉनेटवर ठेवले.

"ही गाडी वर नेऊ नका," तो म्हणाला. "वळणावर मरेल ही, आणि मागे येताना सगळ्यांना घेऊन येईल."

भिवा त्याच्या तोंडासमोर जाऊन ओरडला, "धाकलूदादा, बाजूला हो! माझी बायको जाईल!"

धाकलूने त्याचे ओठ वाचले. "दहा मिनिटं दे. फुरशाचं विष काही तासांनी चढतं. सुंदराला म्हणावं, मला शिव्या घालत राहा."

सुंदराचा पाय सुजून काळानिळा पडला होता, पण आवाज शाबूत होता. "बहिऱ्या, मेल्या, हात चालव की!"

धाकलू तिच्याकडे बघून हसला. "घालतेय. म्हणजे वेळ आहे."

त्याने सोनूला इंजिन चालू ठेवायला सांगितलं. मग चार प्लगपैकी एकेकाची वायर काढून तो परत लावू लागला. प्रत्येक वेळी थरथर वाढली. "चौघंही भाऊ कामावर आहेत," तो म्हणाला. "खोट त्यांची नाही. कुठून तरी चोरून हवा आत शिरतेय."

गाडीमागून धावत आलेल्या लोकांचा धीर सुटत चालला. कोणी म्हणालं, "ढकला त्याला." कोणी म्हणालं, "डोलीच करा." तेव्हा भिवा वळला, शेडकडे पाठ केली आणि हात पसरून गर्दीसमोर उभा राहिला. "कोणी बोलायचं नाही."

"अरे, पण त्याला कुठे ऐकू येतंय?"

"त्याला नाही," भिवा म्हणाला, "मला येतंय."

सगळे गप्प झाले. सुंदराही गप्प झाली.

धाकलूने फुलपात्रात पाणी घेतलं आणि कार्बोरेटरच्या खालच्या जोडावर थेंब थेंब सोडत बोट पुढे नेलं. एका जागी थेंब पडला आणि थरथर श्वासभर थांबली. पाणी आत ओढलं गेलं, पुन्हा उचकी आली. "इथं," तो म्हणाला.

त्याने इंजिन बंद करवलं आणि दोन नट सोडले. मधलं कागदी पॅकिंग जळून फाटलं होतं. शाळेच्या जुन्या हजेरीपटाचा जाड पुठ्ठा त्याने जोडावर धरला, हातोडीने कडेकडेने ठोकत नवं पॅकिंग कापलं आणि तेलात भिजवून बसवलं. दोन्ही नट थोडे इकडे, थोडे तिकडे, असे आळीपाळीने आवळले. शेवटी सोनूने पिळलेला रेसचा स्क्रू मागे फिरवला.

काळी सुरू झाली आणि झोपलेल्या मांजरासारखी घुरघुरत राहिली. असं म्हणतात की धाकलूने काठोकाठ भरलेलं फुलपात्र बॉनेटवर ठेवलं आणि त्यातला एक थेंबही सांडला नाही. काही जण म्हणतात, ते तसंच घाटमाथ्यापर्यंत गेलं.

अरुंद वळणावर लाकडांचा ट्रक आडवा आलाच. काळी चढावर बराच वेळ उभी राहिली. सोनू सांगायचा, इंजिन चालू आहे की नाही हे बघायला मला हात लावावा लागला. सुंदराला लस मिळाली. ती पुढे चाळीस वर्षं जगली आणि धाकलूला रोज भेटून शिव्या देत राहिली. तो त्या मन लावून वाचायचा.

धाकलू मिस्त्री गेला, त्यालाही आता खूप वर्षं झाली. असं म्हणतात की आजही त्या वळणावर एखादं इंजिन उचक्या देऊ लागलं, तर बॉनेटवर कोणीतरी तळहात ठेवतं आणि ते शांत होतं.

ते खरं की खोटं, मला ठाऊक नाही. पण एक मी डोळ्यांनी पाहिलंय. पिंपळदऱ्यात कोणाचं अवघड काम चालू असलं, विहिरीत उतरलेल्या पंपवाल्याचं असो की बाळंतिणीपाशी बसलेल्या नर्सबाईचं, बाहेर थांबलेल्यांपैकी एक जण उठतो. ज्याचा जीव सगळ्यात जास्त टांगलेला असतो, तोच उठतो. दाराकडे पाठ करून तो हात पसरतो आणि म्हणतो, "मिस्त्रीची दहा मिनिटं."

मग कोणी बोलत नाही. घड्याळही कोणी बघत नाही.