पसंतीचे हिसके

बाभळीला नुकतेच काटे फुटले होते, त्या काळची गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्षी राहायचे. नर अर्धं घरटं विणायचा, मग मादी येऊन त्या घरट्याला लोंबकळायची, हिसके द्यायची. पसंत पडलं तर संसार, नाहीतर त्याची मेहनत फुकट.

असा एक नाकारलेला नर रडताना पिंगळ्याने पाहिला. पिंगळा मनाने मऊ होता आणि झाडावर त्याचा शब्द चालायचा. तो म्हणाला, "हे नखरे पुरे. ज्या घरट्याला जास्त कष्ट पडले, तेच जास्त मोलाचं. मी देईन ते घरटं माद्यांनी घ्यायचं."

एक म्हातारी मादी म्हणाली, "कष्ट त्याचे खरे, दादा. पण राहायचं आम्हाला आहे."

"तुला दुसऱ्याच्या घामाची किंमत नाही," पिंगळा म्हणाला.

मग नर जवळचं गवत सोडून टेकडीपलीकडून पाती आणू लागले. घरटी जाड झाली, जड झाली. सगळ्यात जड घरटं पिंगळ्याने मानाने त्या म्हातारीलाच दिलं.

तिची पिल्लं डोळे उघडत होती, तेव्हा वारा सुटला. घरटं पिल्लांसकट विहिरीत पडलं.

"इतक्या कष्टाचं होतं गं," पिंगळा काठावर बसून पुटपुटला.

ती पाण्याकडेच बघत होती. "फांदीला मारलेली गाठ सैल होती, दादा. आम्ही हिसके द्यायचो ते त्यासाठीच."