पमीची हाक

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं.

"पण बाबा, माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा!"

विश्राम तकियाच्या, म्हणजे फकिरांच्या मठीच्या, ओट्यासमोर उभा होता. चपला पायातच. सिनेमाला संगीत देणारा मोठा माणूस झालाय आता. डफ मात्र इथंच शिकला, चाँदबाबा फकिरांच्या पायाशी.

मी दूध घालायला आले होते, लेकरू कडेवर. ऐकलं तसं लिहिते.

बाबा निखाऱ्यावर डफ शेकत होते, कातडं ताणून नीट वाजावं म्हणून. त्यांनी वर बघितलंच नाही.

"काल पडदा लावून गावाला सिनेमा दाखवला मी. सगळे आले. तुम्हीच नाही आलात."

"अनशी आली होती?"

"आली होती की. तिचीच तर गोष्ट आहे."

अनशीची पमी चार वर्षांमागं जत्रेत हरवली. सिनेमात तेच आहे. आई जत्राभर पोरीला शोधत फिरते.

"त्या जागी काय वाजवलंस?"

विश्राम हसला. "ते जुनं गाजलेलं जत्रेचं गाणं टाकलं. लहानथोर सगळ्यांना पाठ. अहो, अख्खं गाव उठून गायला लागलं! टाळ्या काय, शिट्ट्या काय..."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

विश्राम खिशातला फोन चाचपू लागला.

"बोल की. मूग गिळलेस काय?"

"महिनाभर जत्रेच्या मैदानाच्या फाटकापाशी बस म्हणाला होतात. अनशी रोज सकाळी तिथं उभी राहून पमीला हाक मारते, ती ऐक. मग तिच्यावरून वाजव."

"किती दिवस बसलास?"

"दोन. बाबा, नवं कोण ऐकतं हो आता? लोकांना ओळखीचं लागतं. निर्माताही म्हणाला, तयार गाणं आहे ते टाक..."

"जुनीच खोड तुझी. आपला डफ शेकायचा कंटाळा. शेजारच्याचा तापलेला उचलायचास."

विश्रामचे कान लाल झाले.

"लोक खूश झाले, ते तुम्हाला बघवत नाही! घ्या, ऐका तुम्हीच."

त्यानं फोन बाबांच्या कानाशी धरला. कालची गर्दी त्यात घेतलेली होती. सारं गाव एका सुरात गात होतं.

बाबांचा हात थांबला.

"परत लाव."

लावलं.

"टाळ्यांच्या खाली ओरडतंय कोण?"

"असेल कुणीतरी. एवढ्या गर्दीत..."

"परत."

तिसऱ्यांदा मलाही ऐकू आलं.

"पमेऽऽ... गप बसा की रं सगळी... ती ओ देईल... पमेऽऽ..."

मी लेकरू छातीशी आवळलं.

विश्रामच्या तोंडचं पाणी पळालं. "मला... मला ऐकूच आलं नाही, बाबा."

"तू तिथंच होतास ना?"

"पहिल्या रांगेत."

निखाऱ्यावर कातडं करपायला लागलं होतं. बाबांनी डफ काढला नाही. विश्राम पुढं झाला. "बाबा, जळतोय तो! माझा डफ आहे तो, शिकतानाचा..."

"हात लावू नकोस."

कातडं तडकलं. मधोमध फाटलं.

"अख्खं गाव गात होतं म्हणालास?"

"हो."

"मग पोरीला शोधत कोण होतं?"

फाटकाकडून हाक आली. रोजचीच. पण आज घसा पार बसलेला, नाव अर्ध्यातच तुटलं.

विश्रामनं मान खाली घातली.

मग बाबा म्हणाले, "चपला काढ. अनवाणी घरोघर जा. जो जो काल गायला, त्याला सांग, अन् त्याला पुढं सांगायला लाव... पमी अजून सापडलेली नाही."